अंगठी हलवतो कोण?

रंगाऱ्याच्या दुकानावरच्या जिन्यात तीळ ठेवायला जागा उरली नव्हती. खाली नुकत्याच रंगवलेल्या सुताच्या लडी निथळत होत्या, त्यांचा आंबूस वास जिनाभर दाटला होता, आणि त्या वासात माणसं सकाळपासून ताटकळत उभी होती. कुणाच्या काखेत तान्हं मूल, कुणाच्या हातात एक्स-रेचा लिफाफा, कुणी नुसतंच भिंतीला टेकून डोळे मिटलेलं. वरच्या खोलीतून मधूनच "हलली! हलली!" असा कल्लोळ उठायचा आणि जिन्यातल्या माना एकदम वर व्हायच्या.

"आत गेलीस की गप्प राहा," ताईने धाकट्या बहिणीला बजावलं. "कॉलेजातले प्रश्न तिथे काढू नकोस."

धाकटी प्राध्यापक होती. प्राचीन ग्रीसमधली देवस्थानं, तिथे कौल मागायला येणारी माणसं आणि त्यांना मिळणारी उत्तरं, हा तिचा विषय. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर तिने त्यावर बरीच वर्षं काम केलं होतं. भाऊजी वारले तेव्हा ती परदेशात होती. वेळेवर पोचता आलं नाही, म्हणून आता सुट्टी लागताच ताईकडे राहायला आली होती. ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायची. तिचा कात्रीचा हात असा, की खडूची रेघ एकदा मारली म्हणजे मारली.

खोलीच्या मधोमध तिपाई होती. तिपाईवर पितळी ताट. ताटात दोन रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, एक तांबडी आणि एक काळी. विचारणाऱ्याने समोर बसून दोऱ्याला बांधलेली अंगठी ताटावर धरायची आणि प्रश्न विचारायचा. अंगठी आपल्याकडून समोर अशी तांबड्या रेघेवर झुलली तर हो. डावीकडून उजवीकडे काळ्या रेघेवर झुलली तर नाही.

ताटामागे अंगठीवाला बसला होता. पूर्वी तो लिलाव पुकारायचा. धंदा बसला, पण घसा काही बसला नव्हता.

"मी करत नाही, मी धरत नाही, मी शिवत नाही!" तो गर्जत होता. "ज्याचा प्रश्न त्याचाच हात, उत्तर मात्र वरून! माझे हात बघा, मांडीखाली आहेत. आहेत की नाही? विचारा, मावशी. एक वार... दोन वार... हलली!"

मावशींच्या हातातली अंगठी खरोखरच हलली. आधी थरथरली, मग झुलायला लागली, मग चांगली वीतभर. मावशींचा हात मात्र दगडासारखा स्थिर दिसत होता. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आणि नाही हलली तर?" धाकटीने न राहवून विचारलं.

"मन स्वच्छ नसेल तर नाही हलत," अंगठीवाला गोड हसला. "आरशावर धूळ असली तर दोष आरशाचा की धुळीचा, बाई?"

लोक हसले. ताईने बहिणीला कोपराने ढोसलं. हलली तर देवाची करणी, नाही हलली तर तुमचं पाप! या गृहस्थाने हरायची वाटच ठेवली नव्हती.

ताईची पाळी आली. तिने सराईतपणे दोरा चिमटीत धरला. "ते बरे आहेत ना?" असं तिने अगदी हळू विचारलं, जसं दाराआडून आजाऱ्याची चौकशी करावी. अंगठी तांबड्या रेघेवर झुलू लागली. ताईचा चेहरा निवळला.

घरी परतल्यावर चहा पिताना ती आपणहून बोलली. "तू हसत असशील मनातल्या मनात. पण त्या अंगठीने मला वाचवलंय. डॉक्टर म्हणत होते, पोट फाडून गाठ काढू. यांना तर नुसतं इंजेक्शन म्हटलं तरी घाम फुटायचा. माझा जीव खालीवर. शेवटी जाऊन विचारलं, ऑपरेशन करावं का? अंगठी काळ्या रेघेवर अशी झुलली, अशी झुलली! म्हणजे उलगडाच झाला ना. केलं असतं तर टेबलावरच गेले असते. निदान घरात गेले, माझ्या मांडीवर."

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. फोनवर तिला ताईने एवढंच सांगितलं होतं, की डॉक्टरांनी आशा सोडली आहे.

"अंगठी कुणाच्या हातात होती, ताई?"

"माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

बोलण्यासारखं धाकटीकडे पुष्कळ होतं, आणि नेमकं म्हणूनच तिची जीभ उचलेना.

वर्गात ती ही गोष्ट दरवर्षी सांगायची. सोळाशे वर्षांपूर्वी ग्रीक बोलणाऱ्या एका मोठ्या शहरात काही माणसं गुपचूप जमली. त्यांनी तिपाई केली, तीवर गोल ताट ठेवलं, ताटाच्या काठावर ग्रीक मुळाक्षरं कोरली आणि दोऱ्याला अंगठी बांधून विचारलं, पुढचा बादशहा कोण? अंगठी एका अक्षराकडे झुकली, मग दुसऱ्याकडे. दोन-तीन अक्षरं जुळताच जमलेल्यांपैकी एकाने आपल्या मनातलं नाव ओरडून पुरं केलं, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. पुढे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. बातमी फुटली. ज्याचं नाव निघालं त्याचं डोकं उडालं, जमलेल्यांपैकीही कितीतरी जणांचे जीव गेले. काही वर्षांनी दुसराच माणूस बादशहा झाला. योगायोगाने त्याच्या नावाची सुरुवातीची अक्षरं तीच होती. लगेच लोक म्हणाले, बघा, अंगठी खरं बोलत होती!

ही गोष्ट झाली की ती विद्यार्थ्यांच्या हातात दोरा द्यायची. माणूस एखादी हालचाल नुसती मनात आणतो तेव्हाही बोटांचे स्नायू कणभर हलतात. ही हालचाल इतकी बारीक असते की करणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. दोरा ती वाढवतो. डोळे अंगठीकडे बघतात, मन म्हणतं हलली, बोटं आणखी हलतात. मेंदूला 'हे मी केलं' अशी वर्दी पोचत नाही, म्हणून तो करणाऱ्याचा शोध बाहेर घेतो. आणि बाहेर कुणी ना कुणी सापडतंच. कधी देव, कधी पितर, तर कधी मांडीखाली हात घेऊन बसलेला लिलाववाला.

वर्गात हे सांगणं सोपं होतं. ताईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या बोटांनीच नको म्हटलं, असं? तिने सांगितलं नाही. गेलेलं माणूस काही परत येणार नव्हतं, आणि ताईला रात्री झोप लागत होती. राहू दे, असं तिने ठरवलं.

तसं ते राहिलंही असतं. पण काजवाली आली.

काजवाली ताईच्याच कारखान्यात काज करायची. दुपारच्या सुट्टीत धाकटी ताईला डबा द्यायला गेली, तेव्हा ही बाई मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. मुलगी दोन-अडीच वर्षांची, गुबगुबीत, हसरी. तिने मान वळवली आणि उजेड पडताच तिची डावी बाहुली मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमकली.

"डोळ्यात गाठ आहे म्हणे," ताई हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर डोळाच काढायचा म्हणतात."

"लवकर काढला तर पोरगी वाचेल असं म्हणतात," काजवाली म्हणाली. "पण अंगठी नको म्हणाली. त्यांनी ताट धुतलेलं पाणी दिलंय डोळ्यात घालायला. ताईंनीच नेलं मला तिथे."

ताईने मान डोलावली. त्यात उपकाराचा आव नव्हता. आपण तगलो त्या फळीवर दुसऱ्या बुडणाऱ्यालाही जागा द्यावी, इतकाच भाव होता.

धाकटी तडक इस्पितळात गेली. डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, बोलताना सारखे कपाळ चोळत होते. "गाठ अजून डोळ्यातच आहे. बाहेर पडून मेंदूकडे गेली की माझ्या हातात काही राहणार नाही. मी त्या आईला चारदा समजावलं. ती माझ्याकडे बघते, रडते आणि म्हणते, विचारून सांगते. कुणाला विचारते, देव जाणे."

संध्याकाळी धाकटी काजवालीच्या दारात जाऊन बसली. समजावलं, विनवलं. काजवालीने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पण दोरा माझ्याच हातात होता. त्या माणसाने हातसुद्धा लावला नाही. मग लबाडी कुणी केली म्हणता? मी? माझ्याच पोरीशी?"

या प्रश्नाला उत्तर होतं. पण ते तोंडाने सांगून पटणारं नव्हतं, दाखवावंच लागणार होतं.

पुढच्या बैठकीला काजवाली पाणी न्यायला आली, तेव्हा धाकटी आधीच खोलीत हजर होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी एकच विनंती आहे. अंगठी धरणाऱ्याचे डोळे बांधा. उत्तर वरून येत असेल तर डोळ्यांचं काय काम?"

गर्दी चुळबुळली. अंगठीवाल्याने क्षणभर ओठ चावला, मग हात पसरले. "खुशाल! पण धरणार कोण? तुम्ही? तुमच्या हातात तर शंकेचा दगड आहे, बाई. दगड बांधून पतंग उडतो का?"

"मी धरते," ताई म्हणाली.

धाकटी पटकन पुढे झाली. "नको ताई. तू नको. दुसरं कुणीही धरू दे."

"का? मी का नको?" ताईचे गाल तापले होते. "चार दिवस बघतेय मी, तू कुत्सितपणे हसतेस. तुझी शंका एकदाची फिटू दे. माझं मन स्वच्छ आहे. बांध डोळे."

अंगठीवाला खूश झाला. त्याच्या गिऱ्हाइकांत ताईइतका बसलेला हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. "बांधा, बांधा! सत्याला काळोखाचं भय नाही!"

मागे सरायला अजून वेळ होता. धाकटीने काजवालीकडे पाहिलं. मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टेकून अंगठा चोखत होती. मग तिने अस्तराच्या कापडाचा तुकडा घेऊन ताईचे डोळे बांधले. दोरा ताईच्या चिमटीत दिला. आणि आवाज न करता ताट पाव वळसा फिरवलं. आता तांबडी रेघ आडवी झाली होती आणि काळी उभी. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. ताईने पाहिलं नाही.

"ताई, तू माझी मोठी बहीण आहेस का?"

"असले काय प्रश्न," ताई पुटपुटली. पण अंगठी थरथरली आणि झुलू लागली. ताईकडून समोर, समोरून ताईकडे. बरोब्बर काळ्या रेघेवर.

"नाही म्हणते!" मागून कुणीतरी खिदळलं.

"आत्म्याला वय नसतं!" अंगठीवाला ताडकन म्हणाला. "वर ना कुणी थोरलं, ना कुणी धाकटं! ज्ञानाची गोष्ट आहे, हसताय काय?"

तेवढ्यानेही काही माना डोलल्या. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की दोरीचाही पूल होतो.

ताई गोंधळली होती. तिला हसू ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. आपली अंगठी हरते आहे एवढंच तिला कळलं. धाकटी पुढचा प्रश्न शोधत होती, साधासा, कापडाबद्दल, कात्रीबद्दल. तेवढ्यात ताईनेच मान ताठ केली आणि जगातला सगळ्यांत पक्का प्रश्न स्वतः विचारला.

"माझा नवरा वारला, हे खरं का?"

"ताई, थांब," धाकटी म्हणाली. पण अंगठी निघाली होती. जोरात, ठाम, काळ्या रेघेवर.

मग एका म्हातारीने, तिचा काही वाईट हेतू नव्हता, नवलाने म्हटलं, "अगं बाई, नाही म्हणते."

ताईने डोळ्यांवरचं कापड ओढून काढलं. एक क्षण, एकच क्षण, तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की धाकटीला तिकडे बघवेना. जणू जिन्यात पावलं वाजली होती आणि ती ओळखीची होती. मग ताईची नजर ताटावर गेली. काळी रेघ जिथे नसायला हवी होती तिथे होती.

"ताट कुणी फिरवलं?"

"मी."

ताई ताटाकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने कापड उलटसुलट करून मापं जुळवली होती. हेही तिने तसंच जुळवलं, आणि तिला वेळ लागला नाही.

"म्हणजे रेघ कुठली ते अंगठीला कळत नाही," ती सावकाश म्हणाली. "मला वाटतं तिकडे ती जाते."

"हो."

"मग त्या दिवशी... यांचं विचारलं तेव्हा... नको कोण म्हणालं?"

अंगठीवाल्याने "माया आहे सगळी" असं काहीतरी सुरू केलं, पण पुकारा अर्ध्यावरच विरला.

"तू नाही म्हणालीस, ताई," धाकटी तिच्याजवळ बसली. "तुझी भीती म्हणाली."

"भीती कुणाची होती?" ताईने विचारलं. "माझीच ना?"

काजवालीने पदराखाली झाकलेली पाण्याची बाटली तिपाईवर ठेवली. मुलीला घट्ट धरून ती जिना उतरली. गर्दीने तिला वाट दिली. तिच्यामागून आणखी काही माणसं उतरली. सगळी नाही. अंगठीवाल्याने आठवडाभर दार लावून घेतलं आणि मग पुन्हा उघडलं. त्यानंतर डोळे बांधायचं नाव काढायला तिथे बंदी झाली.

घरी ताईने स्वयंपाक केला, वाढला, भांडी विसळली. मग म्हणाली, "शस्त्रक्रिया केली असती तर वाचले असते?"

खोटं बोलणं सोपं होतं. धाकटीने भाऊजींच्या डॉक्टरांकडे चौकशी केली होती. "सांगता येत नाही. कदाचित वाचले असते, कदाचित नसते."

"तुला हे अंगठीचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"मला एकटीला सांगायला जीभ उचलली नाही. आणि मग चारचौघांत..." तिने वाक्य पुरं केलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस दोघींत मिठापिठापलीकडे बोलणं झालं नाही. धाकटीने सुट्टी वाढवून घेतली. दुसरं तिला काही सुचलं नाही.

एका दुपारी ताईच म्हणाली, "ती तुझी ग्रीक माणसं. इतकी हुशार म्हणतेस, मग ती देवाला का विचारायची?"

"त्यांनी शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले प्रश्न सापडलेत," धाकटी म्हणाली. "हे मूल माझंच का, घर बदललं तर बरं होईल का, कुठल्या देवाची प्रार्थना केली तर तब्येत सुधारेल. राज्यकारभाराचे थोडे, साध्या माणसांचेच फार. पुढे काय होणार यापेक्षा काय केलं तर बरं, हेच जास्त विचारलेलं. मला वाटतं, पुढचं कळण्यापेक्षा त्यांना ओझ्याला दुसरा हात हवा होता. चुकलं तर एकट्याचं चुकलं असं नको होतं."

"मलाही तेच हवं होतं," ताई म्हणाली. "तू लांब होतीस."

मुलीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ताईने कामावर रजा टाकली. इस्पितळाच्या बाकावर काजवालीने तिचा हात धरून विचारलं, "मी बरोबर करतेय ना, ताई?"

"मला विचारू नकोस. मी एकदा तुला बुडवतच होते," ताई म्हणाली. "डॉक्टरांना पुन्हा विचार. नाही समजलं तर तिसऱ्यांदा विचार. भीती वाटते हेही सांग. ठरवणार तूच. मी इथून हलणार नाही."

डोळा गेला. मुलगी वाचली. पट्टी बांधलेलं ते इवलंसं डोकं स्ट्रेचरवरून बाहेर आलं, तेव्हा काजवाली हसत-रडत पुढे धावली. आणि ताई भिंतीकडे तोंड करून, ओंजळीत चेहरा धरून, हुंदके देत रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती. दर आठवड्याला ते बरे असल्याचं कळत होतं, मग रडणार कशी? धाकटीने तिला मिठीत घेतलं. ताईने तिला दूर ढकललं नाही.

शेजारच्या बाकावर एक बाई बसली होती. तिचा नवरा आत होता. थोड्या वेळाने तिने बिचकत विचारलं, "तुम्ही त्या रंगाऱ्याच्या माडीवर जाणाऱ्या ना? ती अंगठी खरं सांगते का हो? मी जाऊ का विचारायला?"

ताईने डोळे पुसले.

"अंगठी तुमच्याच मनातलं सांगेल, बाई. आणि आज तुमच्या मनात भीतीशिवाय काय असणार? भीतीला विचारून माणसाच्या जिवाचा निर्णय करू नका. डॉक्टरही चुकतो. पण त्याला 'का' म्हणून विचारता येतं, त्याचं म्हणणं दुसऱ्याकडून तपासून घेता येतं. जे 'का' विचारू देत नाही, डोळे बांधू देत नाही, ताट फिरवू देत नाही, त्याच्या पायरीवर पाऊल ठेवू नका. मी ठेवलं होतं. माझे यजमान जगले असते की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. तुमचे अजून आत आहेत. उठा, डॉक्टरांना गाठा. एकटीने जायची भीती वाटत असेल तर चला, मी येते."